ऑफ-रोडसाठी गाडी तयार करताना: आधी काय, नंतर काय

फोर बाय फोर गाडी घेतली की आठवडाभरात डोक्यात यादी तयार होते: उंची वाढवायची, मोठे टायर घालायचे, पुढे विंच (मोटरवर दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र), वर रॅक, रॅकवर दिव्यांची रांग. यादी चुकीची नसते, क्रम चुकीचा असतो. गाडीत केलेला प्रत्येक बदल लगेच दुसरं काहीतरी मागतो. टायर मोठा केला की गिअरिंग आणि ब्रेकवर परिणाम होतो. उंची वाढवली की स्टिअरिंगची भूमिती बिघडते. लोखंड चढवलं की स्प्रिंग बसते. म्हणून जे बदल मूळ रचनेला हात लावत नाहीत ते आधी करा आणि जे लावतात ते सगळ्यात शेवटी. या प्रवासातून गेल्यावर माझं ठाम मत झालंय की नव्या माणसाला पहिल्या चार पायऱ्यांतच जवळपास हवं ते सगळं मिळतं.

खालचं बहुतेक सगळं लॅडर चॅसी (बॉडीखाली वेगळी लोखंडी चौकट) आणि लो रेंज (हळू पण जास्त ताकदीने चालवणारे जादा गिअर) असलेल्या गाडीला धरून लिहिलंय. तुमची गाडी मोनोकॉक (अशी वेगळी चौकट नसलेली) असेल तर टायर, हवा आणि रिकव्हरीचे भाग तसेच लागू होतील. सस्पेन्शनचा भाग मात्र फार जपून वाचा.

१. आधी गाडी आहे तशी चालवा आणि खाली झोपून बघा

कंपनीच्या मॅन्युअलमध्ये तीन कोन दिलेले असतात. पुढचा बंपर चढाला टेकण्याआधी किती चढ चालतो तो अप्रोच अँगल. मागचा बंपर कुठे अडकेल ते सांगणारा डिपार्चर अँगल. आणि उंचवट्यावरून जाताना गाडीचं पोट कधी टेकेल ते सांगणारा ब्रेकओव्हर अँगल. लोक पहिल्या दोनबद्दल बोलतात, पण लांब व्हीलबेसची गाडी बहुतेक वेळा पोटावरच अडकते.

सोप्या कच्च्या रस्त्यांवर अनुभवी माणसाच्या गाडीसोबत काही फेऱ्या मारा. प्रत्येक फेरीनंतर सतरंजी टाकून गाडीखाली जा आणि टॉर्च मारून ओरखडे शोधा. ट्रान्सफर केसखालच्या (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या डब्याखालच्या) पट्टीवर घासलंय, सायलेन्सरवर घासलंय की फूटस्टेप वाकलंय? तुमच्या गाडीला काय हवंय ते या खुणा सांगतात, दुसऱ्याच्या गाडीचे फोटो सांगत नाहीत.

याच काळात लो रेंज वापरायची सवय करा. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नसतो, म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर ती फोर-व्हीलमध्ये चालवू नका. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो फरक घसरून निघायला जागा मिळत नाही आणि सगळा ताण गिअर व शाफ्टवर साठतो.

२. वजनाचा हिशोब आणि कागदपत्रं

गाडीच्या एकूण परवानगीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उरतं ते तुमचं भांडवल. समजा परवानगी २,६०० किलोची आहे आणि रिकामी गाडी २,००० किलोची, तर हातात ६०० किलो. सरासरी ७५ किलोची पाच माणसं बसली की ३७५ गेले, राहिले २२५. त्यात पुढचा लोखंडी बंपर, विंच, रॅक, स्किड प्लेट (पोटाखालची संरक्षक प्लेट), जादा स्टेपनी, पाणी, इंधनाचे कॅन आणि सामान बसवायचंय. कागदावर मांडून बघा, आकडा किती पटकन संपतो ते कळेल. रिकाम्या वजनात भरलेली टाकी धरली आहे का, तेही मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

छताचा हिशोब वेगळा. तिथे जेवढं चालतं म्हणून लिहिलेलं असतं, त्यात रॅकचं स्वतःचं वजनही येतं. शिवाय वर ठेवलेला प्रत्येक किलो आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढवतो. जड वस्तू गाडीच्या मध्यात, खाली आणि बांधून ठेवा.

कायद्याचं काम कामाला हात घालण्याआधी करा. उंची, टायरचा आकार, बंपर, दिवे आणि गाडीबाहेर येणारी चाकं याबद्दल प्रत्येक देशाचे, कधी कधी प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात. गॅरेजवाला "सगळे करतात" म्हणाला तर त्यावर जाऊ नका. वाहन नोंदणी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवलेल्या बदलामुळे दावा अडू शकतो. एका फाइलमध्ये एवढं ठेवा:

- नोंदणीचे कागद आणि विमा पॉलिसी, बदल नोंदवल्याच्या पत्रासह
- गाडीचं मॅन्युअल, शक्य असल्यास वर्कशॉप मॅन्युअल
- प्रत्येक पार्टचं बिल आणि त्याच्या क्षमतेचं प्रमाणपत्र
- बदलांच्या आधीचा आणि नंतरचा अलाइनमेंटचा रिपोर्ट
- काढलेल्या मूळ पार्टची यादी (मूळ पार्ट विकू नका)

३. गाडी बाहेर काढायची सोय

आत जाण्याची तयारी करण्याआधी बाहेर यायची तयारी करा. पुढे आणि मागे चॅसीला बोल्टने घट्ट बसवलेला, ओढण्यासाठीच बनवलेला आणि क्षमता लिहिलेला हुक हवा. बऱ्याच गाड्यांना खाली एक पातळ कडी असते. ती जहाजात किंवा ट्रेलरवर गाडी बांधायला दिलेली असते. रुतलेली गाडी ओढायला ती वापरू नका.

आणि ट्रेलरच्या टो-बॉलला पट्टा कधीही अडकवू नका. तो गोळा झटका सहन करायला बनवलेला नसतो. तुटला तर पट्ट्यात साठलेल्या ताणाने गोळीसारखा सुटतो, आणि अशा अपघातांत माणसं दगावली आहेत. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

पट्ट्यांचे दोन प्रकार नीट ओळखा. नायलॉनचा कायनेटिक दोर ताणला जातो, काही ३० टक्क्यांपर्यंत, आणि त्या ताणाने रुतलेली गाडी उपसून निघते. पॉलिएस्टरचा साधा पट्टा जवळजवळ ताणलाच जात नाही. तो सावकाश ओढायला किंवा झाडाच्या बुंध्याभोवती गुंडाळायला असतो. त्याला झटका दिला तर सगळा धक्का हुकावर येतो. साखळीने तर झटका देऊच नका.

शॅकलवर, म्हणजे पट्टा हुकाला जोडणाऱ्या पिनच्या कडीवर, क्षमता कोरलेली असावी. १९ मिमीच्या चांगल्या बो शॅकलवर साधारण ४.७५ टन लिहिलेलं असतं. पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्या, म्हणजे ताण आल्यावर ती जाम होत नाही. ओढताना बघणाऱ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं राहायचं, आणि दोराच्या रेषेत कुणीही नको.

यासोबत लांब दांड्याचं फावडं आणि दोन ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या खडबडीत फळ्या) घ्या. निम्म्या वेळा फावडंच पुरतं: चाकांसमोरची माती काढा, पोटाखालची माती काढा, हवा कमी करा आणि पुन्हा बघा.

४. टायर आणि त्यातली हवा

सगळ्यात जास्त विचार इथे करा. गाडी जमिनीला फक्त चार ठिकाणी टेकते आणि बाकी सगळे बदल त्या चार ठिकाणांपर्यंत ताकद नेण्यासाठीच असतात.

नव्या माणसाने ऑल-टेरेन टायर घ्यावेत. मड-टेरेनची नक्षी खोल चिखलात स्वतःला साफ करत राहते आणि तिथे त्याला तोड नाही. पण ओल्या डांबरावर त्याची पकड कमी पडते, आवाज येतो आणि झीजही लवकर होते. तुमची गाडी आठवड्यातले बहुतेक दिवस डांबरावरच असणार. नक्षीपेक्षा साइडवॉल बघा, कारण दगडांत टायर बहुतेक वेळा बाजूनेच फाटतो. जाड साइडवॉलचा टायर जड असतो, हे मात्र धरून चाला.

आकाराचं गणित स्वतः करा. २४५/७० आर१६ म्हणजे २४५ चे ७० टक्के, दुप्पट, अधिक रिमचे १६ इंच: व्यास सुमारे ७४९ मिमी. २६५/७५ आर१६ चा व्यास सुमारे ८०४ मिमी. फरक ५५ मिमीचा, पण अॅक्सल त्याच्या निम्मा, म्हणजे २७ मिमीच वर जातो. चाक ७.३ टक्के मोठं झालं, म्हणून स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा तुम्ही प्रत्यक्षात ८६ ने जात असाल. गिअरिंगही तेवढंच सैल पडतं. पहिला गिअर, लो रेंज आणि डिफ (अॅक्सलचा डिफरन्शियल) यांच्या गिअर रेशोचे आकडे गुणले की क्रॉल रेशो मिळतो, म्हणजे चाक इंजिनपेक्षा किती पट हळू फिरतं तो आकडा. ४.० गुणिले २.५ गुणिले ४.१ म्हणजे ४१. मोठ्या टायरवर तो ३८ असल्यासारखा वागतो. उतारावर इंजिन ब्रेकिंग कमी आणि चढावर क्लचला जास्त त्रास. छोट्या इंजिनाच्या गाडीला हा फरक लगेच जाणवतो.

टायर बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा आणि एक चाक रॅम्पवर चढवून पुन्हा वळवून बघा. सपाट जमिनीवर न घासणारा टायर सस्पेन्शन दबल्यावर फेंडरला लागतो. रिमचा ऑफसेटही (चाक किती आत-बाहेर बसतं तो आकडा) तपासा. चाक बाहेर आलेलं दिसायला रुबाबदार असतं, पण बेअरिंगवरचा भार वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देतं. स्वस्त स्पेसर लावून चाकं बाहेर काढणं मी कुणालाही सुचवणार नाही.

आता हवा. अख्ख्या यादीत सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट हीच, आणि तिला लागतं फक्त एक चांगलं गेज आणि कॉम्प्रेसर. रस्त्यावरच्या ३२-३५ पीएसआयवरून दगडगोट्यांच्या वाटेवर २२-२५ वर या. मऊ वाळूत १५-१८. गाडी रुतलीच तर थोड्या अंतरासाठी १२, पण त्याखाली साध्या रिमवर जाऊ नका. गाडी जड असेल तर हे आकडे थोडे वर ठेवा.

एकदा गुडघ्यावर बसून हे बघाच. व्हॉल्व्हमधून हवा सोडत असताना टायरचा टेकलेला भाग रुंदीला फारसा वाढत नाही, तो पुढे-मागे लांब होतो. भरलेल्या टायरखाली टोकदार दगड असेल तर टायर त्याच्यावर टेकून उभा राहतो. २० पीएसआयवर तोच टायर दगडाला पोटात घेतो, दोन्ही बाजूंनी माती धरतो आणि आतल्या माणसांना बसणारे हादरेही कमी होतात.

पण कमी हवेवर वेग नको. १८ पीएसआयवर ताशी ४० च्या आत राहा आणि झटक्याने वळू नका, नाहीतर टायरची कड रिमवरून निसटते. वेगाने पळवलं तर साइडवॉल सतत दुमडत राहते, तापते आणि आतून फुटते. डांबर लागण्याआधी हवा पुन्हा भरा. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला जोडणारा घ्या. डॅशबोर्डच्या सॉकेटवर चालणारे छोटे कॉम्प्रेसर मोठ्या टायरपुढे तापून बंद पडतात.

५. गाडीचं पोट झाकणं

पहिल्या पायरीत सापडलेले ओरखडे आता कामाला येतात. जिथे घासतंय तिथेच प्लेट लावा. इंजिनची तेलटाकी, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि इंधनाची टाकी ही महत्त्वाची ठिकाणं. स्टीलची प्लेट दगडावरून सरकते आणि ठोकून सरळही करता येते. अॅल्युमिनियम हलकं, पण दगडावर अडकतं. प्लेटला तेल काढायची भोकं आहेत का ते घेण्याआधीच बघा. नसतील तर प्रत्येक सर्व्हिसला प्लेट उतरवावी लागते, आणि मग कंटाळून ती परत बसवली जात नाही.

बाजूला फूटस्टेपच्या जागी रॉक स्लायडर लावायचे असतील तर ते चॅसीलाच बसलेले असावेत. बॉडीला बसवलेला पाइप पहिल्याच दगडावर दरवाजाखालचा पत्रा वर दाबतो. जॅक लावून गाडीची एक बाजू त्यावर उचलता येत नसेल तर तो स्लायडर नव्हे.

६. उंची

सगळ्यांचा लाडका विषय, पण सहावा. आधी एक गोष्ट पक्की करा: स्प्रिंग बदलून गाडी उंच केली तर चॅसी आणि बॉडी वर जाते, अखंड अॅक्सलच्या मधला डिफचा गोळा आहे तिथेच राहतो. तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. (मर्सिडीझच्या युनिमॉगमध्ये पोर्टल अॅक्सल असतात, म्हणजे चाकाजवळ गिअर देऊन अॅक्सलच हबच्या वर नेलेला असतो.) म्हणून वाढवलेल्या उंचीने कोन सुधारतात, पण दगडावर डिफ आपटायचा थांबत नाही. बॉडी लिफ्टने तर फक्त बॉडी चॅसीपासून वर उचलली जाते. मोठ्या टायरला जागा मिळते, पोटाखाली काहीच मिळत नाही.

बहुतेक गाड्यांना ४० ते ५० मिमी पुरतात. त्यापुढे गेलात की एकामागून एक पार्ट बदलावे लागतात. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर ड्राइव्ह शाफ्टचे कोन वाढतात, रबराचे बूट फाटतात आणि वरचे आर्म बदलावे लागतात. कॉइल स्प्रिंगवरचा अखंड अॅक्सल असेल तर पॅनहार्ड रॉडमुळे (अॅक्सल आडवा धरून ठेवणारी दांडी) अॅक्सल एका बाजूला सरकतो आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. कॅस्टर कमी झाला की वळल्यावर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येत नाही आणि हमरस्त्यावर गाडी भटकते. पाट्यांच्या स्प्रिंगच्या गाडीला लांब शॅकल (इथे पाट्यांचं टोक चॅसीला जोडणारी पट्टी) घालून उंच करायचा जुना जुगाड टाळा. त्याने अॅक्सलचा कोन फिरतो.

स्प्रिंग निवडताना उंचीपेक्षा वजन सांगा. पुढे लोखंडी बंपर आणि विंच कायम असणार का? मागे सामान रोज असणार की सुट्टीतच? जड वजनासाठी बनवलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीला घातली तर गाडी उड्या मारते आणि चाकं जमीन सोडतात. शॉकॅब्सॉर्बर स्प्रिंगशी जुळणारेच घ्या. लांब खडबडीत रस्त्यावर शॉक तापतात आणि आतलं तेल फेसाळून काम सोडतं. म्हणून तिथे मोनोट्यूब (एकाच नळीचे) शॉक जास्त टिकाव धरतात.

काम चालू असताना गॅरेजमध्ये थांबा आणि दोन गोष्टी डोळ्यांनी बघा. पहिली: चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणलेली नको. बोटाने ओढून बघा, थोडी सैल हवीच. दुसरी: रबरी बुशचे (सस्पेन्शनच्या सांध्यांत बसणाऱ्या रबराच्या नळकांड्यांचे) बोल्ट गाडी लिफ्टवर टांगलेली असताना आवळू देऊ नका. हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून स्थिरावू द्या आणि मग टॉर्क रेंचने आवळा. टांगलेल्या अवस्थेत आवळलेला बुश गाडी खाली येताच पिळला जातो, पिळलेलाच राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. घाईत हेच सर्वाधिक चुकतं आणि नंतर दोष उंची वाढवायच्या किटला दिला जातो.

मग अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा. यातलं काहीही पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

७. डिफ लॉक

साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो. एक चाक हवेत असेल तर ते फिरवायला टॉर्क जवळजवळ लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही जवळजवळ काहीच मिळत नाही. लॉकर दोन्ही चाकं एकत्र बांधतो. हवेवर चालणारे, विजेवर चालणारे आणि आपोआप लॉक होणारे असे प्रकार आहेत. नव्यांनी बटणाने लागणारा आणि सुटणारा घ्यावा, आणि तोही आधी मागे. पुढचा लॉकर लावून स्टिअरिंग वळवलं की ड्राइव्ह शाफ्टवर जबर ताण येतो.

गाडीत ब्रेकवर चालणारं ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर आधी त्याच्यासोबत वेळ घालवा. चाक फिरायला लागलं की लोक घाबरून पाय काढतात. काढू नका. अॅक्सिलरेटर स्थिर धरा, सिस्टिमला त्या चाकाला ब्रेक लावू द्या, गाडी बऱ्याचदा निघते. त्यानंतरही लॉकर हवाच असं वाटलं तर घ्या.

८. पाणी

स्नॉर्कल लावला म्हणून गाडी पाण्यात उतरवता येते असं नाही. स्नॉर्कल फक्त हवा वरून घेतो, आणि तोही एअरबॉक्सपर्यंतचे (एअर फिल्टरच्या डब्यापर्यंतचे) सगळे सांधे हवाबंद असतील तरच. मूळ एअरबॉक्सला तळाशी पाणी निघायची भोकं असतात, ती तशीच राहिली तर सगळा खर्च वाया. इंजिनात पाणी गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. ओढून बाहेर काढा आणि आधी तपासा.

त्याहून स्वस्त आणि त्याहून गरजेचं काम म्हणजे डिफ आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरना (हवा आत-बाहेर जाण्याच्या छिद्रांना) नळ्या लावून वर नेणं. चालून तापलेला डिफ थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, पोकळी तयार होते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. खोल पाण्यातून आल्यावर डिफचा फिलर प्लग उघडून तेल बोटावर घ्या. दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला.

९. विंच आणि वायरिंग

एकटे फिरणार असाल तरच विंच. क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट घ्या. २,६०० किलोला ३,९०० येतात, म्हणजे बाजारातला ९,५०० पौंडांचा, सुमारे ४,३०० किलोचा विंच पुरतो. हा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थरासाठी असतो, वरच्या थरांवर ताकद कमी होत जाते. पुली वापरून दोर परत गाडीकडे आणला तर ताकद जवळपास दुप्पट आणि वेग निम्मा. मी सिंथेटिक दोर सुचवेन. तो हलका असतो आणि तुटला तर कमी उसळतो. मात्र ऊन आणि वाळू त्याला खातात, म्हणून झाकण ठेवा.

वायरिंगमध्ये फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. तार घासून शॉर्ट झाली तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा जळतच राहतो. दिव्यांना रिले लावा. पुढच्या बंपरमध्ये एअरबॅगचे सेन्सर असतील तर त्याच मॉडेलसाठी तपासलेला बंपरच घ्या, स्थानिक फॅब्रिकेटरकडून बनवून घेऊ नका.

१०. काम झाल्यावर

पहिल्या १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि सस्पेन्शनचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. आवळल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून चॅसीपर्यंत रंगाच्या मार्करची एक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की कुठला बोल्ट फिरलाय ते पाना न लावता कळतं. भरलेल्या गाडीने रिकाम्या, सुरक्षित जागी जोरात ब्रेक दाबून बघा. थांबायचं अंतर बदललेलं असतं आणि पायाला ते माहीत हवं.

प्रत्येक चिखलाच्या फेरीनंतर गाडी खालून धुवा. रेडिएटरच्या जाळीतला चिखल आतल्या बाजूने बाहेर कमी दाबाच्या पाण्याने काढा, नाहीतर पंख वाकतात. स्किड प्लेटच्या आत साचलेला गाळ आणि वाळलेलं गवत हाताने काढा. सायलेन्सरजवळ राहिलेलं गवत पेट घेऊ शकतं.